पट्टा आता हळू चालतो

आये, आपल्या गावच्या बर्फाच्या कारखान्यातला पट्टा आता हळू पण चालतो, हे तुला ठाऊक नाय. तू गेलीस त्याच्यानंतर बसवला तो ड्राईव्ह. भिंतीवर एक डबा हाय, त्याच्यावर गोल बटण. बटण फिरवलं की मोटर हळू होते, उलटं फिरवलं की जोरात. होड्यांना बर्फ द्यायचा असला की जोरात चालवतात, आणि मासळीवाल्या बायका पाट्या घेऊन आल्या की हळू. म्हणजे बर्फाचा चुरा पाटीत पडतो, पायावर नाय. तू किती ओरडायचीस पट्टा चालवणाऱ्या त्या पट्टेवाल्याला, "हळू कर रे मेल्या, पाय फोडलास माझा!" आणि तो आतनं हसायचा. "आक्का, मोटरला एकच चाल हाय. तिला तुझं ऐकायला येत नाय." मग तू खाली बसून सांडलेला चुरा हातांनी गोळा करायचीस, मागच्या बायका बोंबलायच्या, लवकर कर, लवकर कर, आणि मी तुझ्या पाठीमागं उभी, तुझ्या लाल झालेल्या बोटांकडं बघत. हे आधीच सांगते कारण पावसाळ्याच्या बंदीनंतर होड्या परत सुटल्या तेव्हा तो हळू पट्टा बंद व्हायची वेळ आलेली. तो बंद होऊ नये म्हणून कुणीतरी बोलायला पाहिजे होतं, आणि जे बोलायचं होतं ते फक्त मला ठाऊक होतं. मला. तू हसशील.

मी आता बोईसरला मामाच्या दुकानात असते. तू असताना मामा दुसऱ्याच्या हाताखाली होता, आता त्याचं स्वतःचं दुकान हाय, जळलेल्या मोटरी भरायचं. जुनी तांब्याची तार काढायची, आतल्या खाचा साफ करायच्या, कागद घालायचा, नवीन कॉइल बसवायच्या, वरनं वार्निश. शाळा मी नववीत सोडली. कुणी मारलं नाय, कुणी हाकललं नाय. बाई उभं करून वाचायला सांगायच्या आणि माझा आवाज निघायचा नाय, पोरं हसायची, एक दिवस मी गेलीच नाय आणि मग कधीच गेली नाय. मामा पहिल्यांदा नुसता झाडू मारायला सांगायचा. मग त्यानं बघितलं की मी कॉइल बसवते त्या एकसारख्या बसतात. कॉइलशी बोलायला लागत नाय. आता बारक्या मोटरी सगळ्या मीच भरते. गिऱ्हाईक आलं की मी आतल्या बाजूला जाते, ते मामाला पण ठाऊक हाय, तोच पुढं होतो.

तर ती पट्ट्याची मोटर जळून आपल्या दुकानात आली. टेम्पोतनं उतरवली तेव्हाच मला वास आला, जळक्या वार्निशचा आणि त्याच्यात सुक्या मासळीचा. मी ती खोलली. सगळी मोटर तापून जळली असली ना आये, की आतलं सगळं सारखं काळं होतं, करपलेल्या भाकरीसारखं. हिचं तसं नव्हतं. तारा जिथनं बाहेर येतात तिथं, एकाच कोपऱ्यात भोक पडल्यासारखं जळलेलं. बाकीच्या कॉइल तपकिरी झालेल्या, सुकलेल्या, पण जाग्यावर. मी मामाला दाखवलं. "असतं कधी कधी," मामा बोलला, "भर तू." मी भरली. मन लावून भरली, कारण आपल्या गावची होती. बसवून आलो. आणि थोड्या दिवसांत मॅनेजरचा फोन, मोटर एवढी तापते की हात लावला तर चटका बसतो, परत वास मारायला लागलीय.

फोन मामानं कानापासून लांब धरलेला, मला सगळं ऐकायला येत होतं. "तुमी ती पोरीकडनं भरून घेता ना? मग आता काय करायचं आमी? होड्या लागल्यावर बर्फ कोण देणार, ती पोरगी?" मामा नुसता हो हो करत होता. फोन ठेवल्यावर तो माझ्याकडं बघेना. मग बोलला, "परत जळली तर ते दुसरीकडं नेतील. आणि मग मला पण विचार करायला लागेल ग. तू परत साफसफाईला बस, भरायचं मी बघीन." रागानं नाय बोलला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमी दोघं गावात गेलो. किती दिवसांनी मी त्या कारखान्यात पाय ठेवला. तोच थंड वास, तीच ओली फरशी, तीच शिडी. मामानं सगळं तपासलं. तिन्ही तारांवर मीटर लावला, तिन्हीत करंट सारखा, आणि मोटरवरच्या पत्र्याच्या पाटीवर लिहिलंय त्याच्यापेक्षा कमीच. म्हणजे भरण्यात चूक नाय. पट्टा सोडवून शाफ्ट हातानं फिरवला, लोण्यासारखा फिरला, म्हणजे बेअरिंग चांगले. बोईसरच्या ड्राईव्हवाल्या भैयाला फोन लावला. तो बोलला, "सेटिंग मैंने खुद किया है, ओवरलोड होगा तो ट्रिप मारेगा. ट्रिप मार रहा है क्या?" नाय मारत, ड्राईव्ह आपणहून बंद पडत नाय. "तो करंट ठीक है ना भाई." करंट ठीक, बेअरिंग ठीक, भरलेलं ठीक, आणि मोटर तापलेली. मामाला एमआयडीसीत दुसऱ्या कामाला जायचं होतं. जाता जाता तो बोलला, "तू बस हितंच. बघत राहा." मी बोलली, काय बघू? "ते ठाऊक असतं तर मीच बघितलं नसतं काय?"

मग मी एका लाकडी खोक्यावर बसली, मोटरच्या बाजूला. होड्यांचा बर्फ चालू होता, पट्टा जोरात. मी मधनं मधनं हात लावून बघत होती. आमच्यात मोटरला पहिला हात उलटा लावतात, हाताची पाठ. मामानं शिकवलं, कारण बॉडीत करंट आला असला तर तळवा आवळला जातो आणि सुटत नाय, उलटा हात झटका बसून लांब जातो. मामा शिकवत होता तेव्हा मी बोलली नाय, पण मला ते आधीच येत होतं. तू ताप असाच बघायचीस. तळवा बर्फानं बधिर झालेला असायचा तुझा, त्याला गरम थंड काय कळायचं नाय, म्हणून हाताची पाठ माझ्या कपाळावर. बाजारातनं आलीस की पाटी उतरवायच्या आधी. तुझ्या हाताला मासळीचा वास आणि मी डोळे मिटून घेतलेले. मोटर होड्यांच्या वेळी गरम होती, पण हात ठेवता येईल एवढीच.

मग बायका आल्या. पट्टेवाल्यानं बटण फिरवलं, पट्टा हळू झाला, आणि पट्ट्याच्या तोंडाशी मावशी येऊन उभी राहिली. तीच ग, सातपाटीची, तुझ्याबरोबर बोईसरला पाटी घेऊन जायची ती. गुडघे गेले तिचे, आता फिरत नाय. कारखान्यात बायकांच्या पाट्या भरून द्यायचं आणि बर्फाच्या लाद्यांवर ओलं गोणपाट टाकायचं काम करते. तिनं मला ओळखलं नाय. मग ओळखलं आणि सगळ्यांसमोर ओरडली, "अगं ही तिची मुकी! केवढी झाली बघा! लग्न झालं की नाय ग?" सगळ्या हसल्या. मी पण खाली बघून हसली. पाट्या भरत होत्या, हळूहळू, चुरा बरोबर मध्ये पडत होता. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. एक बाई तर बोलता बोलता पान लावत होती. तू हे बघायला पाहिजे होतंस.

थोड्या वेळानं मी मोटरला हात लावला तर ठेववेना. चटकन उचलला. काम तेच, चाल कमी, आणि ताप जास्त. तेवढ्यात मावशी आली, हातात गोणपाट, मासळीच्या खाऱ्या पाण्यात भिजवलेलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिनं ते मोटरवर पांघरलं. नीट, कोपरे ओढून.

"मावशी, हे काय करतेस?"

"तापलीय ना बिचारी. तुला ताप आल्यावर आय काय करायची? डोक्यावर पट्टी नाय ठेवायची?"

"रोज टाकतेस?"

"मग! पहिल्यापास्नं तापते ही. हळू चालवली की तापते. हे बटणाचं आलं तवापास्नं. मी हाय म्हणून टिकलीय."

गोणपाटातनं पाणी ठिबकत होतं, मोटरच्या अंगावरनं, तारा जोडायच्या डब्यावरनं. डब्याच्या झाकणाचं रबर कधीच गेलेलं. तिची पाठ वळल्यावर मी ते काढलं. मला वाटलं सापडलं, मोटरच्या अंगावर वारा लागायला लोखंडी पट्ट्या असतात, त्याच झाकल्या तर ती तापणारच. मी गोणपाट न टाकता बघत बसली. तरी तापली. थोडी कमी, पण तापली. म्हणजे गोणपाट वाईट, पण खरं दुखणं ते नाय.

मग तिचं बोलणं डोक्यात आलं, हळू चालवली की तापते. मी मोटरच्या मागं गेली, जाळीच्या बाजूला, जिथं पंखा असतो, आणि हात धरला. वारा नव्हता. म्हणजे होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासाएवढा. पट्टेवाल्याला खूण केली, जोरात कर. त्यानं बटण फिरवलं, पट्टा धावला, बायका ओरडल्या, आणि माझ्या हातावर वारा आपटला. परत हळू, परत श्वास. आये, मोटरचा पंखा तिच्या स्वतःच्या शाफ्टवरच असतो. ती जेवढी फिरणार तेवढाच तो फिरणार. पट्ट्यावर वजन तेच, म्हणून करंट तेवढाच, म्हणून गरमी पण जवळजवळ तेवढीच, पण गरमी घालवायला वारा नाय. ड्राईव्ह करंट बघतो. वारा कोण बघणार. हे मी रोज मोटरी खोलते, रोज पंखे काढते आणि बसवते, तरी मला ठाऊक नव्हतं. दुकानात मोटर तपासायला चालवतो ती जोरातच चालवतो.

दुपारच्या आत मामा परत आला, मी त्याला हळू आवाजात सांगितलं. त्यानं जाळीमागं हात धरून बघितला आणि डोकं खाजवलं. तेवढ्यात मॅनेजर खाली आला. मामा त्याला बोलला, "हळू चालवल्यामुळं तापते साहेब, भरण्यात चूक नाय."

"मग सोप्पं हाय," मॅनेजर बोलला. "हळू चालवायचं बंद. एकच स्पीड. पहिलं होतं तसं."

बायका पट्ट्याच्या तोंडाशीच होत्या. मावशी बोलली, "म्हंजे परत पायावर घ्यायचा बर्फ?"

"पायावर कशाला, बाजूला उभ्या राहा."

"तू राहा ना बाजूला उभा! भरून दाखव एक पाटी!"

"मावशी, मोटर जळली की होड्या परत जातात बर्फाशिवाय. मला ते बघायला लागतं. तुमचं बघू काय होड्यांचं बघू?" माणूस वाईट नाय तो. खरं तेच बोलत होता. मामा मीटरच्या वायरी गुंडाळत होता, कारण त्याचं काम झालेलं, दुकानावरचा डाग गेला. माझं पण काम झालेलं. आता मला कुणी साफसफाईला बसवणार नव्हतं. मी हत्यारं पिशवीत भरून घरी जाऊ शकत होती.

तेव्हा मला बोईसरचा तो दिवस आठवला. कामगारांच्या खोल्यांच्या लायनीत, शिफ्ट सुटलेली, तू मला पाटीशी बसवून पाणी प्यायला गेलीस. एक बाई आली, बोंबील कसे दिले विचारलं. मला भाव पाठ होता. ती दोनदा विचारून पुढं गेली, दुसरीकडनं घेतले. तू ते लांबनं बघितलंस. "तोंडात बोंबील धरून बसलीस काय ग? तोंड हाय ना तुला? मग वापर की!" रस्त्यातली माणसं वळून बघत होती आणि मला वाटत होतं जमिनीत जावं. संध्याकाळी तू तेच उरलेले बोंबील तळलेस. चुलीपुढं बसून, पाठ माझ्याकडं. सगळ्यात मोठा माझ्या ताटात टाकलास आणि न बघताच बोललीस, "बोलायला शीक ग. मी सगळीकडं कुठं येणार हाय?"

मी मॅनेजरसमोर जाऊन उभी राहिली. आवाज आला नाय. तो बोलला, काय? मी पट्टेवाल्याला हळूची खूण केली आणि मोटरच्या जाळीमागं बोट दाखवलं. "हात धरा," मी बोलली. त्यानं मामाकडं बघितलं. "धरा ना हात." त्यानं धरला. मग जोरात करायला लावलं, मग परत हळू. त्याच्या तोंडावर दिसलं की कळलं. "वारा नाय," तो बोलला. मी बोलली, "तिला दुसरा पंखा पाहिजे. वेगळा. मोटरशी संबंध नाय, त्याची लाईन वेगळी. मग पट्टा हळू चालला तरी वारा जोरात." एवढं एका दमात बोलली आणि श्वास संपला. मामानं भैयाला फोन लावून विचारलं, असा पंखा लागतो काय. "हाँ हाँ, फोर्स कूलिंग. स्लो पे चलाना है तो लगता ही है. मुझे बोला था सिर्फ होडी के लिए चलेगा, थोड़ा ऊपर-नीचे." तेव्हा ठरलं होतं तसंच असणार. बायकांसाठी हळू चालवायचं कुणी नंतर चालू केलं, भैयाला कुणी सांगितलं नाय.

मॅनेजर बोलला, पंखा येणार कधी, बसणार कधी, आणि तो बसून पण तापली तर? मी वर बघितलं. त्याच्या ऑफिसात टेबलफॅन चालू होता. मी त्याच्याकडं बोट केलं. पहिल्यांदा त्याला कळलंच नाय, मग कळलं तेव्हा सगळ्या बायका हसायला लागलेल्या. फॅन खाली आला. कोरड्या खोक्यावर ठेवला, वायर ओल्या फरशीवरनं उचलून दोरीनं वर बांधली, वारा मोटरच्या पट्ट्यांवर सोडला. पट्टा हळू, पाट्या भरतायत, आणि मॅनेजर वर पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेला. मावशी बोलली, "मोटरला पंखा, साहेबाला पुठ्ठा, आनि आमाला काय?" कुणीतरी बोललं, "तुला बर्फ हाय ना!" सगळ्या पाट्या भरून होईपर्यंत मी हात लावून बघत होती. गरम होती. पण हात राहात होता. मॅनेजरनं खाली येऊन स्वतः हात ठेवला. मी त्याला सांगितलं, उलटा ठेवा. त्यानं उलटा ठेवला.

पंखा आला, आमी बसवला. मोटर परत खोलून मी आत गरमी कळायचं बारकं यंत्र पण घातलं, त्याची तार ड्राईव्हला दिली, म्हणजे आता जास्त तापली तर तोच बंद करतो. हळू पट्टा चालू हाय. पट्टेवाला मला बघितलं की बटणाला हात लावून विचारतो, काय ताई, किती ठेवू.

आता एक. पंखा बसवला त्या दिवशी मी तारा जोडायचा डबा उघडला तेव्हा आत पांढरं मीठ धरलेलं होतं, खाऱ्या पाण्याचं, तारा बाहेर येतात तिथंच. पहिल्यांदा मोटर जिथं भोक पडून जळली तिथंच. म्हणजे तापायची ती पंख्यामुळं, पण जळली ती गोणपाटाच्या पाण्यानं. मी ते मीठ फडक्यानं पुसून टाकलं, झाकणाला नवीन रबर घातलं. मामानं विचारलं, काय होतं आत? मी बोलली, काय नाय, धूळ. मग मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, गोणपाट बर्फावरच ठेव, हिला आता वारा हाय. ती घाबरली. "म्हंजे माझ्यामुळं तापायची काय ग?" मी बोलली, नाय, तुझ्यामुळं नाय तापायची. ते खरंच हाय. जळली कशानं, ते तिनं विचारलं नाय.

मॅनेजरनं विचारलं. निघताना, गेटपाशी, मामा टेम्पोत बसलेला. "हे सगळं कळलं," तो बोलला, "पण पहिल्यांदा जळली ती एका कोपऱ्यातच कशी ग? तू खोललीस ना?" आये, तू म्हणायचीस तोंड हाय ना तुला. ह्या वेळी होतं. आवाज पण होता, मला आतनं कळत होतं की निघेल. मी खाली बघितलं, पहिल्यासारखं, आणि तो बोलला, जाऊ दे, लाजते.

ह्या चिठ्ठीला पाकीट आणलं नाय, पत्ता काय टाकणार. तू कुणाला सांगणार नायस, म्हणून तुला सांगितलं.